निरोपाचा रकाना

टेकडीवरच्या प्राणीबागेला त्या वर्षी फोनवरून जे अभिप्राय आले, त्यांतल्या निम्म्या लोकांनी एकच वाक्य लिहिलं होतं : 'तरस झोपलेलं होतं.' खाली एक तारा. जसं काही तरसानं त्यांना घरी जेवायला येतो म्हणून सांगितलं आणि ऐनवेळी दांडी मारली.

ईश्वरी धायगुडेला हे वाक्य दिसलं की कानशिलं तापायची, कारण तरस तिच्या घरचं होतं. कागदोपत्री ते बागेचं, ते ठीक. पण बारा वर्षांपूर्वी दगडखाणीत सापडलेलं ते डोळे न उघडलेलं पिल्लू तिच्या वडिलांनी, बागेचे रखवालदार बिरू धायगुडे यांनी, बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. दात आले त्या दिवशी त्यानं त्यांच्या अंगठ्याचा लचका काढला. "सटवीच हाय ही," अप्पा म्हणाले, आणि नाव पडलं. पिंजऱ्यावरच्या पाटीवर 'सावित्री' असं लिहिलं होतं, पण त्या नावाला ती कानही हलवायची नाही.

ईश्वरी नववीत होती. आठवीपर्यंत ती वर्गात असून नसल्यासारखी होती. हजेरी घेताना 'हजर' म्हणायलासुद्धा तिला घाम फुटायचा. मग कुणीतरी आजारी पडलं म्हणून ती वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली, पहिली आली, आणि मराठीच्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की या मुलीची भाषा म्हणजे खणखणीत नाणं आहे. झालं. त्या दिवसापासून तिच्या टाचा जमिनीला लागेनात. एवढं बोलायचं राहून गेलं होतं की काय सांगू. आता ते सगळं एकदमच बाहेर यायला लागलं.

त्याच भरात तिनं बागेच्या ऑनलाइन पानावर टाकायला एक लेख लिहिला : 'प्राणीबागेत एक दिवस : ईश्वरीच्या एकवीस सूचना.' साडेसातला या, कारण मार्चातच बेचाळीस अंश होतं आणि अकरानंतर वाघही सावली सोडत नाही, तर तुम्ही कोण. आधी टेकडी चढून सांबरांपर्यंत जा, मग उतरत उतरत सगळं बघा. उलटं केलंत तर घरी पाय चेपायला माणूस ठेवावा लागेल. स्वच्छतागृह सर्पालयामागचं वापरा, बाकीच्यांबद्दल बोलायला नको. माकडांसमोर भेळ उघडू नका, ती भेळ तुमची राहणार नाही. काचेवर टकटक करू नका; तुमच्या घराच्या दारावर दिवसभर हजार जणांनी टकटक केली तर चालेल का? आणि सातवी सूचना : 'तरस रात्रीचा प्राणी आहे. दिवसा ते झोपतं. झोपलेला प्राणी बघणं हेही बघणंच असतं. दोन मिनिटं थांबा. त्याचं पोट कसं वरखाली होतं ते बघा.'

सूचना भलत्याच चालल्या. महिन्याभरात चाळीस हजार लोकांनी वाचल्या. बागेचे अधीक्षक सरनोबत साहेब, जे रखवालदारांच्या पोरांना एरवी ओळखही दाखवायचे नाहीत, त्यांनी तिला कचेरीत बोलावून क्रीमची बिस्किटं पुढे केली. मग हळूच म्हणाले की सगळं फक्कड आहे, फक्त ती सातवी सूचना तेवढी जरा... लोक पैसे मोजून झोप बघायला येतात का? घरबसल्या भिंतीभर वाघ दिसतो हल्ली, हवा तेव्हा डरकाळी फोडतो. बागेत माणूस फिरकेना. असंच चाललं तर दोन वर्षांत टेकडी बिल्डरला जाईल, जनावरं लांब कुठंतरी, आणि रखवालदार कुठं ते देवाला ठाऊक. पण यावर उपाय आलाय, ते म्हणाले. आणि त्या उपायाला तिची मदत लागणार होती.

उपायाचं नाव कागदावर काहीतरी लांबलचक होतं. रखवालदारांनी त्याचं नाव ठेवलं 'जागल्या'. गावात रात्रीची राखण करायचा त्याच्यावरून.

प्रत्येक सस्तन प्राण्याच्या मेंदूच्या तळाशी थोड्याशा पेशींचा एक पुंजका असतो. करोडो पेशींत ह्या मूठभर. पण जागं राहणं त्यांच्या हातात असतं. त्या एक रसायन सोडतात. ते सुटत राहिलं की प्राणी जागा राहतो, थांबलं की पापण्या मिटतात. आणि या पेशी सगळ्यांत जास्त कधी चेकाळतात? भुकेनं, भीतीनं आणि वाट बघण्यानं. आवडीचं माणूस येणार असलं की आपल्याला झोप लागत नाही ना, ते काम यांचं. जागल्या म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चकती. ती या पुंजक्याजवळ बसवायची. ती झटका देत नाही की औषध सोडत नाही. ती कान देऊन असते. रखवालदाराचा आवाज ऐकला, त्यातला येण्याचा शब्द ओळखला, की त्या पेशींना हलकेच ढोसत राहते. प्राण्याला वाटतं, आपलं माणूस येतंय. तो उठून बसतो, डोळे लखलखीत. संध्याकाळी रखवालदार जाण्याचा शब्द बोलला की चकती गप्प, आणि जनावर झोपी जातं. रात्रीच्या प्राण्याचा दिवस होतो. क्रूर काही नाही, सरनोबत साहेब म्हणाले. उलट प्रेमच आहे, नुसतं थोडं वाढवलेलं.

चकती एकाच माणसाचा आवाज मानणार होती, म्हणजे बघ्यांच्या आरडाओरड्यानं घोटाळा नको. त्यासाठी अप्पांनी एक उतारा वाचून आवाज नोंदवला. मग एक अर्ज होता, तो अप्पांना जमेना म्हणून ईश्वरीनं भरायला घेतला. त्यात दोन रकाने होते. पहिला 'आगमन', दुसरा 'निरोप'.

सकाळी तिच्याकडे जाताना काय म्हणता, तिनं विचारलं. अप्पा म्हणाले, बादली वाजली की ती कुरकुरायला लागते, मग मी लांबूनच सांगतो, येतो येतो, दम धर. पोचल्यावर म्हणतो, आलो गं. ईश्वरीनं लिहिलं : 'येतो, आलो.'

"आणि निघताना?"

"निघताना काय म्हणणार? येतो."

तिनं तेही लिहिलं. पडद्यावर लाल फुली आली : एक शब्द एकाच रकान्यात लिहावा. तिनं मान वर केली तर अप्पा मटणाची गाडी आली म्हणून निघूनही गेले होते. ईश्वरीला क्षणभर हसू आलं. काय पण आपली माणसं, जाताना येतो म्हणतात. व्याकरणात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या मुलीला जाण्याचं क्रियापद शोधायला वेळ लागतो होय? तिनं दुसऱ्या रकान्यात लिहिलं : 'जातो.' हिरवी खूण आली. बरोबर शब्द, बरोबर जागी.

तिला आठवायला हवं होतं. पहिलीत असताना एकदा ती दारातून "अप्पा, जाते" म्हणून पळाली होती. अप्पांनी तिला जिन्यावरून परत आणलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि मग म्हणाले, आता नीट म्हण. तिनं "येते" म्हटल्यावरच शाळेला सोडलं, आणि त्यापायी प्रार्थना चुकून तिला छडी बसली होती. पण अर्ज भरताना हे डोक्यात आलं नाही. डोक्यात बिस्किटं होती.

जागल्या बसला आणि तिसऱ्या दिवसापासून गर्दी लोटली. सटवी काचेपाशी उभी, कान टवकारलेले, मानेवरची आयाळ ताठ. ईश्वरीनं सातवी सूचना बदलली : 'तरस बघायला सव्वाअकराला जा. मागच्या जाळीजवळ डावीकडे उभे राहा, म्हणजे चेहरा दिसेल. ती आपल्या रखवालदाराच्या दाराकडेच बघत असते!' पाच तारे, पाच तारे, पाच तारे. एका बाईनं लिहिलं की असं प्रेम माणसांतही राहिलं नाही. वर्गात पोरं तिला 'तरसमॅडम' म्हणायला लागली आणि तिला ते बेहद्द आवडलं.

पहिल्यांदा अप्पांनाच शंका आली. दहाव्या दिवशी जेवताना ते म्हणाले की सटवी मांस तोंडात धरून उभी राहते, चावायचं विसरते. बाराव्या दिवशी म्हणाले, ती झोपत न्हाई. सरनोबत साहेबांनी आलेख दाखवला. आलेख नुसता वर वर गेलेला, खाली 'सतर्कता उत्तम'. पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, रात्री जागीच असते की, तरस आहे, रात्री जागणार नाही तर काय भजन करणार? दिवसा जागी, कारण जागल्या आहे. रात्री जागी, कारण तरस आहे. दोघांनाही आपापलं कारण पटत होतं, आणि मधल्या मधे ते जनावर सतत उभं होतं.

बागेच्या डॉक्टर मुजावर मॅडमनी वजन केलं. चौतीस किलोचं सत्तावीस झालं होतं. त्यांनी चकती बंद करा म्हणून लेखी कळवलं. चकती बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं की तपासणीला सात दिवस लागतील. साहेब म्हणाले, रविवारपर्यंत तरी थांबू. रविवारी कार्यक्रम होता : ईश्वरीच्या एकवीस सूचना पितळी अक्षरांत फाटकावर लागणार होत्या, नगरसेविका येणार होत्या, आणि लेखिकेचा सत्कार होता. लेखिका! हा शब्द ईश्वरी आरशासमोर तीनदा म्हणून बघायची.

अप्पांनी आपल्या परीनं इलाज केला. ते येताजाता सटवीपाशी थांबायला लागले. चहाला जाताना, भांडारात जाताना, सांबरांना पाला टाकायला जाताना, दर वेळी जाळीवर तळवा ठेवून सांगायचे, "येतो गं. आत्ता येतो." तिला धीर यावा म्हणून.

गुरुवारी शाळेत संगणकाच्या तासाला ईश्वरीला आठवलं की तो अर्ज तिनं भरलेला, म्हणजे परवलीचा शब्द तिच्याकडेच आहे. तिनं चकतीची नोंदवही उघडली. सतरा दिवसांच्या ओळी. आगमन सात वाजून दोन मिनिटं. आगमन दहा चाळीस. आगमन एक पाच. आगमन सहा चार. पहिला रकाना ओसंडून वाहत होता. शेजारच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसत्या रेघा.

निरोप, रेघ. निरोप, रेघ. निरोप, रेघ.

तिनं वरपासून पुन्हा एकदा वाचलं. सतरा दिवस अप्पा एकदाही गेलेच नव्हते. संध्याकाळी सहाला ते 'येतो' म्हणून घरी यायचे, आणि तिथं त्या कवटीत कुणीतरी सटवीला रात्रभर ढोसत राहायचं : येतोय, उठ, येतोय, आत्ता येतोय.

शब्द बदलायला गेली तर पडद्यावर आलं, दुरुस्तीस सात दिवस. शाळेपासून बाग सायकलनं वीस मिनिटांवर. ती निघालीसुद्धा. पण फाटकाशी आली तर कामगार कापडात गुंडाळलेला फलक चढवत होते, कापडाच्या फटीतून तिच्या नावातलं 'श्व' दिसत होतं, पितळेचं, उन्हात झळाळणारं. ती तिथं सायकल धरून उभी राहिली. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. अर्ज कुणी भरला. शब्द कुणी लिहिला. खणखणीत नाणं.

रात्रीच्या जेवणाला तिनं अगदी सहज, भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, "अप्पा, उद्या निघताना सटवीला 'जातो' म्हणून बघा ना."

"का गं?"

"असंच. शुद्ध मराठी."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. ते दमले होते, पण चिडले नाहीत. "जातो म्हणणारा परत येत न्हाई, ईशे. माणसाला एक वेळ थाप मारता येते. जनावराला खोटं कसं सांगू?"

त्यावर ती बोलू शकली असती. मोठमोठ्या सभा गाजवणारं तोंड होतं तिचं. तिनं भाकरी खाल्ली. तीनच दिवस, तिनं स्वतःला समजावलं. सतरा काढले, वीस काढेल.

रविवारी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून मांडवात उशिरा आले. मागच्या रांगेत बसले आणि सारखे उजवीकडे, तरसाच्या बाजूला बघत राहिले. नगरसेविकाबाईंनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या, ईश्वरीच्या हातात नारळ आला. मग सव्वाअकरा झाले आणि सगळा मांडव सातव्या सूचनेप्रमाणे तरसाकडे निघाला.

सटवी दाराकडे तोंड करून उभी होती. तिचे मागचे पाय दुमडले, ती बसकण मारून पडली, धडपडत उठली, पुन्हा पडली. पुन्हा उठली. नजर दारावरून हलेना. लोक आधी हसले, त्यांना तो खेळ वाटला. मग कुणी हसेना.

मुजावर मॅडम धावत आल्या, मागच्या बाजूनं आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या की भूल दिली तर हृदय बंद पडेल, नाही दिली तर संध्याकाळपर्यंत तसंही बंद पडेल. चकती थांबली तरच काही आशा. साहेब फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. कंपनीला रविवारची सुट्टी होती.

ईश्वरी नारळ हातात घेऊन अप्पांच्या मागे उभी राहिली. "अप्पा. तिला जातो म्हणा."

"ईशे, ही येळ हाय का."

"तो शब्दच लागतो. तुमच्याच आवाजात." तिचा स्वर इतका बारीक झाला होता की आठवीतली ईश्वरीच बोलतेय असं वाटावं. "येतो म्हटलं की चकतीला वाटतं तुम्ही येताय. तुम्ही जाताना येतो म्हणता. जाण्याचा शब्द मी जातो लिहिला. मला तोच बरोबर वाटला."

अप्पा वळले. आपल्या तळव्याकडे बघत राहिले. वीस दिवसांत कितीदा आपण जाळीवर तळवा ठेवला, तेच मोजत असावेत.

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

"गुरुवारी."

अप्पांनी मान हलवली, जणू कुणी रस्ता सांगितला आणि त्यांना तो समजला. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी मुजावर मॅडमच्या हातात दिला. मॅडम म्हणाल्या, अहो धायगुडे, हे कशाला, शब्द दुरुस्त झाला की आठवड्यानं तुम्ही पुन्हा या की तिच्याकडे. अप्पा म्हणाले, "आता सांगितलं तर ते खरंच असाया पायजे."

ते जाळीपाशी गेले. तळवा टेकवला. सटवी लटपटत आली आणि त्या हाताला तिनं नाक लावलं. पहिल्यांदा तो शब्द त्यांनी नुसता पुटपुटला. चकतीलाही ऐकू गेला नसणार.

"सटवे," ते मोठ्यानं म्हणाले. "जातो."

आणि ते खरंच गेले. मागे वळून न बघता, गर्दीतून वाट काढत, सर्पालयाच्या बाजूनं खाली. सटवीचे कान हळूहळू पडले. तिनं थोडा वेळ दाराकडे बघितलं, मग दार विसरल्यासारखी जागच्या जागी खाली बसली आणि हनुवटी पंजांवर ठेवली. डोळे मिटले. पोट वरखाली व्हायला लागलं. ईश्वरी ते मोजत राहिली. दोन मिनिटं, चार मिनिटं, दहा.

मागून एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन पुढे घुसला. "पावणेबारा झाले," तो फोन बघत कुरकुरला. "हे तर झोपलंय."

सटवी जगली. दोन दिवस नि दोन रात्री ती सलग झोपली, उठून पाणी प्यायली, पुन्हा झोपली. आता ती दिवसभर झोपते आणि एकेक तारा पुन्हा यायला लागलाय. सातवी सूचना ईश्वरीनं पहिल्यासारखी केली, पण फाटकावरची पितळेची तशीच आहे; पितळ बदलायला खर्च येतो.

अप्पांनी पक्ष्यांच्या विभागात बदली मागून घेतली. आवाज वाऱ्यानं तिकडे जाऊ नये म्हणून ते लांबच्या वाटेनं, टेकडीला वळसा घालून कामावर जातात. आठवड्यानं शब्द दुरुस्त झाला, तरी ते सटवीकडे गेले नाहीत. संध्याकाळी सहाला ईश्वरीच जाते. सटवी तेवढी त्या वेळी उठते, मागच्या दाराशी जाऊन उभी राहते आणि ईश्वरीच्या खांद्यावरून पलीकडे बघते. नोंदवहीत त्या वेळेला काहीच नसतं. चकती गप्प आहे. ही वाट ती आपली आपण बघते.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी ईश्वरीनं अप्पांचा डबा भरला. त्यांनी तो घेतला, चपला घातल्या आणि दारात थांबले. रोज इथं ते 'येतो गं' म्हणायचे. तिनं वाट बघितली. ते उंबऱ्याकडे बघत उभे होते.

"अप्पा," ती म्हणाली, "आत या. बसा. पाणी घ्या."

अप्पा आत आले. पाटावर बसले. तिनं पेला दिला, त्यांनी सगळं पाणी संपवलं, घोट घोट करून. पेला तिच्या हातात दिला. मग उठले, डबा उचलला आणि काही न बोलता जिना उतरून गेले.